हाउफ्लरचा ब्रेक जात नाही

ओबरलाउटेन, २ ऑक्टोबर १९७८

प्रिय आल्मुट,

तुला वाटलं असेल, धाकटी बहीण असून ट्रूडे माझा वाढदिवस विसरली. विसरले नाही गं. कागद काढायची आणि पुन्हा ठेवून द्यायची, असं चाललंय. आमच्यावर आभाळ कोसळलंय, आणि मी उगाच गळा काढणारी बाई नाही हे तुला माहीत आहे.

आमचा जावई फोल्कमार गेल्या महिन्यात काल्टेनबेर्गचा घाट उतरत होता. शाळेच्या पुस्तकांचे गठ्ठे घेऊन येत होता. शेवटच्या वळणावर गाडी थांबलीच नाही. खाली बसथांब्यावर फ्राऊ क्नाउस उभी होती. चर्चच्या गायनात माझ्या डाव्या हाताला उभी राहायची ती. जागच्या जागी गेली. फोल्कमारच्या बरगड्या मोडल्या, त्या भरून येतील. पण त्याच्यावर खटला भरलाय. हलगर्जीपणाने माणूस मारला म्हणून. तो एकच सांगतोय, ब्रेकवर पाय दिला आणि पाय लोण्यात गेल्यासारखा थेट खाली गेला. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या माणसाने त्या चेपलेल्या गाडीचा ब्रेक दाबून पाहिला, तर ठणठणीत! आता सगळा गाव म्हणतो, वेगात आला आणि वर गाडीवर ढकलतोय. शाळेने त्याला घरी बसवलंय. आपल्या लेकीला, हायड्रूनला, चौथा महिना लागलाय.

तू म्हणशील, तुझा नवरा गोटहिल्फ सारा जन्म हाउफ्लरच्या कारखान्यात ब्रेक तपासत होता, मुकादम म्हणून निवृत्त झाला, तो काय म्हणतो? तेच तर सांगायचंय. रविवारी जेवायला सगळे बसलो होतो. मसूर वाढत होते मी. फोल्कमारने हळूच विचारलं, "तुम्हीच सांगा, असं होऊ शकतं ना?" गोटहिल्फने चमचा खाली ठेवला.

"हाउफ्लरचा ब्रेक जात नाही," तो म्हणाला. "पाय जातो."

हायड्रून ताडकन उठली. "पपा, ही गाडी तुम्ही आमच्या गळ्यात मारली! ह्याची फ्रेंच गाडी विकल्याशिवाय लग्नाला हो म्हणणार नाही म्हणाला होतात!"

"मग? स्मशानामागे गाडी लावणारा जावई आणू?"

तुला ठाऊक आहे ना इथली रीत, दुसऱ्या कंपनीची गाडी असली की कारखान्याच्या आवारात जागा नाही, स्मशानामागे लावायची आणि चालत यायचं. दरवर्षी कामगाराला आणि निवृत्ताला स्वस्तात नवी हाउफ्लर मिळते. गेल्या वर्षी गोटहिल्फच्या नावावर दोन आल्या, एक आमची, एक त्यांची. रंगसुद्धा एकच.

पोरगी जेवण टाकून गेली. आता एकीकडे नवरा आणि एकीकडे लेक. फोल्कमार तुरुंगात गेला तर ती ह्या माणसाचं तोंड पाहणार नाही, आणि मला नातवंड लांबूनच बघावं लागेल. मी काय करू, आल्मुट? तू मोठी आहेस, काहीतरी सांग.

तुझी ट्रूडे


ब्रेमेन, ९ ऑक्टोबर १९७८

ट्रूडे, बाई,

तुझं पत्र तुझ्या मेहुण्याला, हिनरिकला, वाचून दाखवलं. तो खिडकीशी गेला आणि पाइप न पेटवताच ओढत बसला. त्याला सगळं आठवलं असणार. तो कामाला होता तो आमच्या ब्रेमेनचा गाड्यांचा कारखाना बंद पडला, त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तो म्हणत होता की असा कारखाना बुडूच शकत नाही. सतरा वर्षं झाली, अजून तिकडच्या रस्त्याने जात नाही. एवढंच म्हणाला, "गोटहिल्फला शहाणपण सांगू नकोस. त्याला तो कारखाना नाही, धर्म आहे."

मी मात्र सांगणार. तुझा नवरा चांगला माणूस आहे, पण खेचराला लाज वाटेल इतका हट्टी आहे. त्याच्याशी वाद घालू नकोस. वाद घालून तुमच्या श्वाबिया प्रांतातला माणूस हलल्याचं मी तरी ऐकलं नाही. तुमच्या गॅरेजमध्ये तशीच गाडी उभी आहे ना? मग त्याला म्हण, आल्मुट विचारते, तेवढंच वजन घालून तोच घाट उतरायची हिंमत आहे का? नसेल तर जावयाला खोटारडा म्हणू नये.

चिडेल. चिडू दे. चिडला की जाईल.

तुझी आल्मुट


ओबरलाउटेन, ६ नोव्हेंबर १९७८

प्रिय आल्मुट,

तुझा निरोप शब्दशः दिला. चिडला. तीन आठवडे तुझं नाव घरात काढू दिलं नाही. आणि परवा शनिवारी घरासमोरचा रस्ता झाडून झाल्यावर म्हणाला, "चल. तुझ्या बहिणीला एकदाचं उत्तर देऊन टाकू."

मागे सफरचंदांची पोती टाकली. रसासाठी दळायला न्यायची होतीच. मी शेजारी बसले. तो नको म्हणत होता, पण मी म्हटलं, मी नसले तर आल्मुट मानणार नाही. खरं कारण वेगळं होतं. मला त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नव्हतं.

घाट चढून गेलो. वर न थांबता तसाच वळला आणि उतरायला लागला. बोलत होता सारखा, "बघ, तिसरा गिअर. हे बघ, पाय कधी ठेवतो, कधी उचलतो. पुस्तकात लिहिलंय तस्सं." मी फ्राऊ क्नाउसचा विचार करत होते. चौथ्या वळणावर त्याचं बोलणं थांबलं. आल्मुट, मी खाली पाहिलं. त्याचा पाय पार खाली, फळीला टेकला होता, आणि गाडी पळत होती. त्याने पुन्हा पुन्हा दाबलं. पुन्हा पुन्हा तसंच. त्याने हातब्रेक ओढला, गिअर पाडला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली. झुडपं, दगड, काय काय लागलं कोण जाणे. पोत्याचं तोंड सुटलं आणि सफरचंदं आमच्या पाठीत आणि मानेवर येऊन पडली. थांबलो तेव्हा बसथांबा समोर दिसत होता.

किती तरी वेळ तो स्टिअरिंगचं चक्र धरून बसला. मग पाय ठेवून पाहिला. ब्रेक घट्ट! नव्यासारखा.

"तेल उकळलं," तो म्हणाला. "नळीतलं तेल उकळलं की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. थंड झालं की पुन्हा तेल. कुणाला काही सापडत नाही." मग म्हणाला, "पोराने खरं सांगितलं होतं."

चाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. परवा पाहिलं. मलाही रडू आलं, पण आल्मुट, आतून मी सुटले होते! म्हटलं, संपलं, आता वकिलाकडे जाऊ, गाडी दाखवू, फोल्कमार सुटेल. हायड्रूनला लगेच फोन करणार होते, तर ह्याने हात धरला.

"आत्ता नको. घरातलं मळकट कापड आधी घरात धुवायचं. मी कारखान्यात जातो. चोपन्न साली खराब ब्रेक दिसला म्हणून मी अख्खं काम थांबवलं होतं, तर म्हाताऱ्या हाउफ्लर मालकाने सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला होता. ते स्वतःच कोर्टाला कळवतील. कारखान्याने स्वतः सांगितलं तर फोल्कमारकडे कुणी बोट दाखवणार नाही. तोवर कुणाशी बोलायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. बरोबर केलं ना?

ट्रूडे


ओबरलाउटेन, २० नोव्हेंबर १९७८

आल्मुट यांस,

ट्रूडेने तुम्हाला कळवले असेलच. तुमचे म्हणणे खरे ठरले, हे मी लिहून देत आहे. हिनरिकला दाखवलेत तरी चालेल.

गाडी मी स्वतः कारखान्यात नेऊन दिली. मुख्य दरवाज्याने आत घेतली, मला चालत जाऊ दिले नाही. वरच्या कचेरीत बसवले. कॉफी आणि मनुकांचा केक दिला. तपासणी विभागाचा प्रमुख आता एग्बर्ट र‍्योस्लर आहे. तो माझ्या हाताखाली शिकला, कित्येकदा आमच्या घरी जेवला आहे. त्याने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाला, "मास्टर, गाडी इथेच ठेवा. नीट उघडून पाहतो. कोर्टाचं आमच्यावर सोडा." पुढच्या वर्षी कारखान्याला पंचाहत्तर वर्षे होत आहेत. अशा वेळी ते अर्धवट काम करणार नाहीत.

आपल्याकडे चुका होत नाहीत असे मी कधी म्हटले नाही. चूक झाली की ती दुरुस्त होते. हाउफ्लर म्हणजे तेवढेच, आणि तेवढे पुष्कळ आहे.

आपला
गोटहिल्फ श्टेले


ब्रेमेन, २४ नोव्हेंबर १९७८

ट्रूडे!

ह्या माणसाने गाडी देऊन टाकली? कागद नाही, पावती नाही, केक खाऊन घरी आला? हिनरिक म्हणतो, आजच्या आज जा आणि गाडी परत आणा. उद्या नाही, आज. उघडलेली असेल तर उघडलेली आणा, पोत्यात घालून आणा, पण आणा. आणि दिलेला शब्द गेला चुलीत, तू वकिलाला सांग.

मी फोन करत होते, कुणी उचलला नाही. तुम्ही दोघं कुठे आहात?

आल्मुट


ओबरलाउटेन, १९ जानेवारी १९७९

प्रिय आल्मुट,

तुमच्याकडे बर्फाने दारं बुजली म्हणून ऐकलं. सांभाळून राहा. मी इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी त्याला म्हटलं, गाडी आणू. तो म्हणाला, "तपासणी चालू असताना मागायची? माझ्यावर कुणी असा अविश्वास दाखवला असता तर मी त्याला हाकलला असता." मी भांडले. खरंच भांडले, ताटल्या आपटल्या. शेवटी नाताळाच्या आधी तो गेला, तर एग्बर्टने सांगितलं, गाडी पूर्ण उघडून पाहिली, काही दोष नाही, सुटे भाग नियमाप्रमाणे भट्टीत गेले. आणि दुसऱ्या दिवशी दारात नवी गाडी! तीच जात, तोच रंग, पुढच्या काचेवर फुलांचा गुच्छ. सोबत चिठ्ठी, 'आमच्या जुन्या मास्टरांना, कृतज्ञतेने.' शेजारीण गॅलरीतून टाळ्या वाजवत होती. मला ती फुलं खाली फेकावीशी वाटली.

गोटहिल्फने किल्ली घेतली नाही. ड्रायव्हरच गाडी गॅरेजमध्ये लावून गेला. ह्याने तिच्यावर जुनी चादर टाकली आणि दार ओढून घेतलं. तरीही म्हणत होता, "कोर्टाला पत्र जाईल. त्यात खरं असेल." पत्र गेलं. वकिलाने आम्हाला वाचून दाखवलं. 'दोष आढळला नाही. वाहनचालक वयस्क होता.'

तेव्हापासून तो खुर्चीत बसून असतो. मी विचारलं काय विचार करतोस, तर म्हणाला, "एग्बर्टच्या नजरेतून कसं सुटलं, तेच कळत नाही." अजूनही सुटलं म्हणतो, आल्मुट!

हायड्रूनला सगळं सांगितलं मी. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पुरावा हातात होता आणि पपांनी तो त्यांनाच नेऊन दिला. त्यांना सांग, बाळ झाल्यावर येऊ नका." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

ट्रूडे


ओबरलाउटेन, १५ मार्च १९७९

आल्मुट,

काल निकाल लागला. चौदा महिने. वेगाने चालवली, आणि चूक कबूल करायची सोडून गाडीवर ढकलली, पश्चात्ताप नाही, म्हणून शिक्षा माफ करून सोडणार नाहीत.

मी साक्ष दिली. सरकारी वकिलाने हसत विचारलं, "फ्राऊ श्टेले, तुम्हाला ब्रेकमधलं काय कळतं?" मी म्हटलं, "काही नाही. चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी बसले, त्याचा पाय मला कळतो." लोक हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

मग गोटहिल्फ उभा राहिला. घाटात काय झालं ते सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. सरकारी वकिलाने विचारलं, "गाडी कुठे आहे?" हा म्हणाला, "कारखान्यात दिली." "का?" हा म्हणाला, "आमच्यात तसंच करतात." मग एग्बर्ट आला. काळा सूट. म्हणाला, "ज्यांनी मला ब्रेक शिकवला, त्यांच्या वयाबद्दल बोलायला जीभ रेटत नाही." आणि बोलला. हात थरथरतात म्हणाला, पाय चुकतो म्हणाला, जावयाच्या मायेने माणसाला काय काय वाटतं म्हणाला. वर म्हणाला की हाउफ्लरचे ब्रेक इतके चांगले आहेत ते ह्याच मास्टरांमुळे. गोटहिल्फ मान खाली घालून ऐकत होता. गावातली अर्धी माणसं तिथे होती, सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी हाउफ्लरमध्ये कामाला. एकानेही आमच्याकडे पाहिलं नाही.

वकिलाने अपील नुसतं नोंदवून ठेवलंय, पण फोल्कमार मागे घ्या म्हणतो. "वर जाऊन काय दाखवणार? गाडी नाही, नळी नाही. एक म्हातारा आणि एक म्हातारी." हायड्रूनचे दिवस भरलेत. काल कोर्टाच्या पायऱ्यांवर बापाच्या शेजारून गेली, परक्यासारखी. त्याने हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

मला भीती वाटते गं. तो रात्री उठून गॅरेजच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो. मी गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आहे.

ट्रूडे


ब्रेमेन, १९ मार्च १९७९

ट्रूडे,

सगळं सोडा आणि इकडे या. दोघंही. त्याला माझ्या नजरेसमोर ठेव, म्हणजे मला झोप लागेल. हिनरिकने गोटहिल्फसाठी खोलीत पलंग टाकलाय. म्हणतो, मी त्याच्याशी काही बोलणार नाही, नुसता शेजारी बसेन, मला तेव्हा तसं कुणीतरी हवं होतं.

आणि ती फुलांची गाडी विकून टाका. तिच्यात बसून येऊ नका, आगगाडीने या.

आल्मुट


ओबरलाउटेन, २५ मार्च १९७९

आल्मुट,

आम्ही येत नाही. आत्ता तरी नाही. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. हिनरिकचं ऐकून मान डोलावली आणि म्हणाला, "गाडी विकू." मला इतकं बरं वाटलं! बोलला तरी. काल शनिवार, गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. आमच्याकडे मळकी गाडी कुणी विकत नाही हे तुला माहीत आहे. न चालवलेली असली तरी धुवायची, वरून आणि पोटातूनसुद्धा. पिठाच्या डब्यातून किल्ली मीच काढून दिली. त्याने गाडी उतरत्या फळ्यांवर चढवली, बादली आणि दिवा घेतला आणि खाली सरकला. मी स्वयंपाकघरात गेले. ब्रशचा आवाज येत होता. मग थांबला.

बराच वेळ आवाज नाही म्हणून धावले. गाडीखालून नुसते बूट दिसत होते. मला वाटलं, संपलं सगळं. "गोटहिल्फ!" म्हणून ओरडले तर आतून आवाज आला, "खाली ये."

ह्या वयात, चांगला झगा घालून, मी त्या ओल्या जमिनीवर आडवी झाले आणि त्याच्याजवळ सरकले. त्याने दिवा धरला.

"ही ब्रेकची नळी," तो म्हणाला. "आपल्या गाडीत, फोल्कमारच्या गाडीत, ती इथून जायची, धुराच्या गरम नळाला जवळजवळ चिकटून. ही बघ, आता चार बोटं लांब नेली आहे. मध्ये पत्रा लावलाय, आच लागू नये म्हणून. हा पत्रा आधी नव्हता."

मला नीट कळेना. म्हटलं, "म्हणजे तू सांगितल्यावर त्यांनी दुरुस्त केलं? मग तुझं ऐकलं की!"

त्याने दिवा पत्र्याच्या अगदी जवळ नेला. पत्र्यावर छाप होता, प्रत्येक भागावर असतो म्हणे, तो बनवल्याचा महिना आणि वर्ष. जुलै अठ्ठ्याहत्तर. फ्राऊ क्नाउस सप्टेंबरमध्ये गेली, आल्मुट.

मी त्याला म्हटलं, ऊठ, वकिलाला फोन करू, आता पुरावा आहे, त्यांनीच दारात आणून उभा केलाय. फोल्कमारला अपील मागे घेऊ देऊ नकोस. तो हो म्हणाला. वकिलाला फोन झाला. आज रविवार असूनही तो फोटो काढणारा माणूस आणि बाहेरगावचा तज्ज्ञ घेऊन आला, गॅरेजला त्याने स्वतःचं कुलूप लावलंय. हायड्रूनलाही मी सांगितलं. ती फोनवर काही बोलली नाही, पण फोन ठेवलाही नाही. तिचा श्वास ऐकू येत होता.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी तो गाडीखालून उठेचना. मी हात धरून ओढत होते आणि तो त्या पत्र्याकडे बघत पडून होता, केसांतून साबणाचं पाणी गळत होतं. मग तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"मी सांगायला गेलो, तेव्हा त्यांना माहीत होतं, ट्रूडे. सगळ्यांना माहीत होतं. आणि त्यांनी मला बसवून केक खाऊ घातला."

ट्रूडे